हैबतचा दहावा

"इंदे, तुझ्या मालकाचे हात बघ गं. गळ टाकताना कसे कापाय लागलेत."

गजरा वहिनी माझ्या कानाला लागली होती. आमची काटकर वस्ती सगळी विहिरीच्या कडेला गोळा झालेली. विहीर सामाईक, आमची आणि तानूबाईची. मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याजवळ हैबतच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. हैबत म्हणजे तानूबाईचा एकुलता एक मुलगा, आमच्या भावकीतला. कालपासून तो कुणाला दिसला नव्हता.

"थंडीनं कापत असतील," मी म्हटलं.

"थंडी? ह्या उन्हात?" गजरा वहिनी हसली. "असंल बाई. एकेकाला वाजती थंडी उन्हात."

 हात मात्र खरंच कापत होते. 'हे' म्हणजे आमचे मालक. वस्ती त्यांना सदा म्हणायची. आदल्या दिवशी दुपारी पाण्याच्या पाळीवरून ह्यांची आणि हैबतची झोंबाझोंबी झाली होती, आणि "तुझा मुडदा पाडीन" असं हे सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले होते. ह्यांचं हे असंच. राग आला की तोंडाला आवर नाही, आणि घटकाभरानं त्याच माणसाला तंबाखूची चंची पुढं करणार. मला हे माहीत होतं. पण त्या दिवशी ह्यांच्या सदऱ्याची बाही फाटलेली होती आणि तिच्यावर रक्त होतं, हेही मलाच माहीत होतं. कारण तो सदरा मी धुतला होता.

गळ तळाशी फिरून फिरून वर आला. त्याला एक फुटकी कळशी लागली, दोरखंडाचा तुकडा लागला, गाळ लागला. दोन पोहणारे गडी कपारी चाचपून आले. हैबत नव्हता.

त्या दिवसापासून वस्तीला दुसरं कामच उरलं नाही. आमचा मुलूख कोरडा. पीक थोडं, रिकामा वेळ फार. जो तो आपली अक्कल चालवू लागला. कुणी म्हणालं, तमाशाच्या फडामागं गेला. कुणी म्हणालं, माळावर चकवा लागला, अजून तिथंच गोल गोल फिरत असेल. कुणी गुप्तधनाचा विषय काढला, की डोंगरात हंडा आहे आणि त्याला तरण्याताठ्या माणसाचा बळी लागतो. लोकं हे सगळं बोलायची आणि शेवटी आवाज खाली आणून एकच विचारायची, "पण सदा काय म्हणतोय?" ह्या लोकांची जीभ तेव्हाच धरून ओढावी असं मला वाटायचं.

तालुक्याचा फौजदार येऊन गेला. ह्यांना सकाळी घेऊन गेला आणि संध्याकाळी सोडलं. घरी आले तेव्हा एक गाल सुजलेला होता. मी चुलीपुढं होते. पाण्याचा तांब्या दिला आणि दार ओढून घेतलं.

"मला एकदा खरं सांगा," मी म्हटलं.

हे माझ्याकडं बघत राहिले. "तू बी, इंदे?"

"सदऱ्यावर रगत कुणाचं व्हतं?"

"त्याचंच. झोंबताना खोऱ्याचं पातं त्याच्या बोटाला लागलं. चांगलं खोल कापलं. आन् त्यो नुसता बोटाकडं बघत ऱ्हायला. आई गं सुदिक म्हणाला न्हाय. त्याचं तोंड असं काय झालं की मलाच भ्या वाटलं. मी खोरं टाकलं आन् घरला आलो. खंडोबाची आण."

आता सांगा, कुणाचा विश्वास बसेल? बोट कापल्यावर माणूस ओरडणार नाही? मी हो म्हटलं, भाकरी वाढली. पण ह्यांच्या शेजारी जेवायला बसताना माझा हात ताटात पुढं जाईना. लग्न होऊन मी ह्या घरी आले तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं.

रविवारी आबा पाटलांनी वस्तीला खंडोबाच्या देवळात बोलावलं. पोलीसपाटील तेच, आणि वस्तीचे वडीलधारेही तेच. म्हणाले, "फौजदार बुधवारी परत येतोय. त्यो यायच्या आत आपलं आपण बघू. ज्याच्या मनात पाप न्हाय त्यानं बेल-भंडार उचलावा."

बेल-भंडार उचलणं म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द. तळहातावर बेलाचं पान, त्यावर देवाचा भंडारा, आणि देवाकडं तोंड करून बोलायचं. खोटं बोललात तर खंडोबा निर्वंश करतो. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मी बघितली आहेत. बेल-भंडार हातात घेऊन खोटं बोललेला माणूस आमच्यात कुणी ऐकलेला नव्हता.

गुरव ताट घेऊन फिरला. एकेकानं उचललं. माणसांनी, बायकांनी, गजरा वहिनीनंसुद्धा. ह्यांनीही उचललं. "हैबतच्या जीवाला मी इजा केली न्हाय," असं स्पष्ट म्हणाले. पण हात कापला आणि थोडा भंडारा पायावर सांडला. देवळात सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

तानूबाई पुढंच बसली होती. तिच्यासमोरून ताट आलं तेव्हा गुरव न थांबता पुढं गेला. मुलगा गेलेल्या आईला कोण शपथ घालणार? कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नसतं. पण ताट जाताना चिमूटभर भंडारा तिच्या लुगड्यावर पडला, आणि तिनं तो झटकला. अंगावर निखारा पडावा तसा झटकला, आणि पाय ओढून मागं सरकली.

आमच्यात अंगावर पडलेला भंडारा कुणी झटकत नाही. कपाळाला लावतात. मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं मला बघितलं आणि पदर पुढं ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवळात गेले. बेलाचं पान आणि मूठभर भंडारा पदराच्या गाठीला बांधला आणि थेट तानूबाईच्या दारात. ती डाळ निवडत होती.

"आत्ती, हात पुढं करा," मी म्हटलं.

"का गं?"

मी गाठ सोडली. पिवळा भंडारा बघून तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सगळ्यांनी उचलला. तुमी तेवढ्या ऱ्हायलात," मी म्हटलं. "उचला आन् म्हणा, हैबत कुठं हाय मला ठाऊक न्हाय. एवढंच म्हणा. मग मी तुमच्या पायावर डोकं ठेवते आन् जाते."

"इंदे, जा गं बाई. माझ्या जखमेवर मीठ नको चोळूस."

"जखम असती तर भंडारा झटकला नसता!" माझा आवाज चढला. "माझ्या घरातल्या माणसाचा गाल सुजलाय, आत्ती. परवा त्यास्नी बेड्या घालून नेत्याल. मी त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवू शकत न्हाय. खरं काय ते सांगा, न्हाईतर मी सगळ्या वस्तीला गोळा करून तुमच्या हातावर भंडारा ठेवते."

ती उठली. मला वाटलं, मला ढकलून देईल. तिनं दार लावलं आणि माझ्यापुढं मटकन खाली बसली.

"हैबत जिता हाय," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाऊस सरल्यावर त्याच्या पाठीवर चट्टा उठला होता. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या. चुलीतलं लाकूड सारताना बोट भाजलं आणि त्याला कळलं नाही. तिला कळलं, कारण तिच्या माहेरी एकाला झालं होतं.

"रगतपिती," तिनं तो शब्द इतका हळू उच्चारला की मला तिच्या ओठांवरून कळला.

रगतपिती म्हणजे कुष्ठरोग. आता त्यावर गोळ्या मिळतात, माणूस खडखडीत बरा होतो. तेव्हा नाव काढलं तरी लोकं थुंकायची. आणि तानूबाईची मुलगी सुंदरा गेल्याच वर्षी दिलेली. तिला दिवस गेले होते. भावाला रगतपिती झाली हे सासरी कळलं असतं तर पोटातल्या लेकरासकट तिला दारात आणून सोडली असती, आणि पुन्हा कुणी उंबऱ्याच्या आत घेतली नसती.

"त्या दिवशी सदाशी भांडून आला. बोट पाक उघडं पडलेलं, आन् त्यो मला म्हणतो, आये, दुखंना. मग मीच म्हटलं, जा बाबा. लांब कुठं त्या रोग्यांची वसाहत हाय म्हणत्यात, तिथं जा. परत येऊ नगं, सांगावा धाडू नगं. अनवाणी गेला गं. चपला मीच विहिरीवर ठेवल्या. वाटलं, लोकं म्हणतील पाय घसरला, बुडला, संपलं. मेलेल्या भावापायी कुणी बायकू टाकत न्हाय." ती कपाळ बडवून घ्यायला लागली. "सदाचं नाव येईल हे माझ्या डोसक्यातच न्हाय आलं. भांडण तर तुमचं दर पाळीला व्हतं!"

  तिच्यावर ओरडायला गेले होते, आणि सुंदराचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं. लग्नात माझ्याच मांडीवर बसून तिनं बांगड्या भरल्या होत्या. पण घरी ह्यांचा सुजलेला गालही होता.

"माझ्या माणसाचं काय, आत्ती?" मी शेवटी एवढंच विचारलं.

 ती माझ्या पदरातला भंडारा बघत म्हणाली, "आबा पाटलाला सांग, तानूबाई बेल-भंडार उचलाय येतीया."

तिन्हीसांजेच्या आधी देवळात माणसं जमली. तानूबाईनं तळहात पुढं केला. गुरव ठेवायला तयार नव्हता. "म्हातारे, तुला कोण इचारतंय?" म्हणाला. तिनं ताटातून स्वतःच उचललं.

"माझा हैबत मेला," ती देवाकडं तोंड करून म्हणाली. "माझ्यासंगं भांडून जीव द्याया गेला. विहिरीवर चपला काढल्या, पाणी कमी बघितलं, आन् डोंगराच्या कड्याकडं गेला. मी मागनं पळाले. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं उडी टाकली. लाजंनं मी बोलले न्हाय. सदाचा ह्यात हात न्हाय."

मी खांबाला धरून उभी होते. जिवंत मुलगा मेला असं ती बेल-भंडार हातात घेऊन म्हणाली होती. खोट्या शपथेला खंडोबा निर्वंश करतो, आणि तिचा वंश म्हणजे तो एक हैबत. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं मूठ घट्ट मिटली.

माणसं कड्याखाली जाऊन शोधून आली. काही मिळालं नाही. तरसांनी ओढून नेलं असेल, असं पाटील म्हणाले. फौजदारालाही त्यांनी थोपवून धरलं. मला वाटलं, सुटलो. पण आमची वस्ती सुखासुखी सोडते होय?

"इंदी सोमवारी दुपारी म्हातारीकडं कशाला गेलती?" गजरा वहिनीनं पाणवठ्यावर विषय काढला. "दार लावून बसल्या व्हत्या दोघी. आन् लगेच म्हातारीला आठवलं व्हय? काय शिकवलं तिला? का भ्या घातलं?"

झालं. आता ह्यांच्या जोडीला माझंही नाव. हौदावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. पाटील स्वतः घरी आले.

"सदा, मी तुझ्या बाजूनं हाय," ते म्हणाले. "पण मला वस्ती सांभाळायची हाय. दहाव्याला कावळा शिवला तर इषय संपला. तोंड उघडंल त्याला मी बघून घेतो. न्हाय शिवला, तर हैबतचा आत्मा कायतरी मागतोय. मग मी फौजदाराला अडवणार न्हाय."

प्रेत नव्हतं म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला होता. भावकीत जवळचे हेच, त्यामुळं अग्नीही ह्यांनी दिला आणि दहाव्याला पिंडही ह्यांनीच ठेवायचा. डोकं भादरलेलं, उघडं अंग, हे ओढ्यातून पाणी घेऊन आले तेव्हा लोकं एकमेकांकडं बघत होती. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. हे खरोखरच मेलेल्या हैबतचा पिंड ठेवत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी ते बघितलं आणि ह्यांच्यावर घेतलेल्या संशयाची मला मनापासून लाज वाटली.

ओढ्याच्या काठाला बाभळीवर कावळे बसले होते. बरेच होते. पिंडाकडं एकही येईना.

हात जोडून ज्यानं त्यानं बोलून बघितलं. "हैबत, सुंदराचं माहेर तोडणार न्हाय." कावळे हलले नाहीत. "तुझं रान पडीक ठेवणार न्हाय." नाही. हे पुढं झाले. "हैबत, तुझ्या आईला मी अंतर देणार न्हाय. माझी आई म्हणून संभाळीन. ये गड्या." एक कावळा उडाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

तानूबाई माझ्या शेजारी बसली होती. मी मनातल्या मनात कावळ्यांना हाका मारत होते. ये रे बाबा, शीव एकदा, माझा संसार वाचव. आणि माझ्या दंडाला लागून बसलेली ही बाई मनात नेमकं उलटं मागत होती. तिचा हात माझ्या हातात होता. ऊन चढत गेलं तशी ती ताठ होत गेली. माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, "इंदे, शिवत न्हाय. माझा हैबत बरा हाय गं. देवानं माझी शपथ धरली न्हाय." इतक्या दिवसांत मी तिचा चेहरा एवढा उजळलेला बघितला नव्हता. मला तिचा आनंदही होईना आणि रागही येईना. 

"बास झालं," पाटील उठले. धोतराची धूळ झटकली. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले होते, त्यांना हातानं थांबवलं. "सदा, कापडं घाल. माझ्यासंगं चल."

"आबा, खंडोबाची आण..." हे म्हणत होते. दोन गड्यांनी ह्यांचे दंड धरले. मागून कुणीतरी "खुनी" म्हणालं. मी उठायला गेले आणि माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. रगतपिती, वसाहत, सगळं. सुंदरा बायकांत बसली होती, पोटावर हात ठेवून. माझं तोंड उघडलेलं तसंच राहिलं.

तानूबाईनं माझा हात सोडला.

ती उठली आणि पिंडापाशी गेली. बायकांनी तिथं जायचं नसतं, पण कुणी अडवलं नाही. तिनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा सुंदराकडं. मग बाभळीकडं तोंड करून पदर पसरला.

"हैबत," तिनं हाक मारली. तिन्हीसांजेला पोराला जेवायला बोलवावं तशी. "ये बाबा. आई बोलावतीया. ये, आन् शीव."

माणसं बाजूला झालेली, पिंडापाशी ती एकटीच उभी. ती मागं सरली, आणि बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली. मग दुसरा आला, तिसरा आला.

"शिवला! शिवला!" गलका झाला. ह्यांचे दंड सुटले. पाटलांनी स्वतःचा पटका ह्यांच्या खांद्यावर टाकला. गजरा वहिनी मला मिठी मारून रडायला लागली, जणू तिनंच कावळा आणला होता. आणि त्या गलक्यात तानूबाई जमिनीवर कोसळली आणि तिनं असा हंबरडा फोडला की ओढ्यापलीकडची मेंढरं थबकली. लोकं म्हणाली, बरं झालं, मोकळी झाली.

हैबतचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. सांगावा आला नाही, आणि कुणी गेलंही नाही. वस्तीवर अजून तमाशाचा फड आणि गुप्तधनाचा हंडा निघतो. निघू दे. सुंदराला मुलगा झाला, तो आता आजोबा व्हायला आलाय. ती माणसं आता कुणी राहिली नाहीत, म्हणून मी आज बोलले.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मी तानूबाईकडं भाकरी घेऊन गेले. ती उंबऱ्यात बसली होती. डोळे सुजून बारीक झाले होते.

"इंदे," ती म्हणाली, "कावळा सकाळपासनं बसून व्हता न्हवं?"

"व्हय, आत्ती."

"भुकेला असंल."

"भुकेलाच व्हता. माणसं जवळ व्हती म्हणून येत नव्हता. माणसं सरली आन् आला."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी आणखी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत होती. मग तिनं माझ्या हातातली भाकरी घेतली, अर्धी मोडली आणि अंगणात टाकली. छपरावरून एक कावळा लगेच खाली आला आणि भाकरी ओढू लागला.

"बघ," तानूबाई माझा हात घट्ट धरून म्हणाली. "बघ की गं. आता कोण मेलंय? तरी खातोयच की!"